रोळ

(द्वितीय वर्ष, कला)

पिंप्राळ्याचा रथ ज्यांनी पाहिला आहे त्यांना मोगरीवाल्यांविषयी वेगळे सांगायला नको. आषाढी एकादशीला विठ्ठल-रखुमाईचा रथ निघतो तेव्हा पुढे दोर ओढणारे शेकडो हात असतात, वर देव असतो आणि साऱ्यांचे डोळे तिकडे लागलेले असतात. खाली, चाकांच्या अगदी जवळ, चार-दोन माणसे लाकडी मोगऱ्या घेऊन वाकून चालत असतात. रथ थांबवायचा, वळवायचा तो त्यांनी. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मोगरी चुकली तर मात्र सारे गाव पाहते.

नाटकात दिव्यांच्या बोर्डावर बसणाऱ्याची गत काहीशी तशीच असते, हे मला गेल्या वर्षी कळले. मोगरी कशी चुकते तेही कळले. या लेखात मी तेच सांगणार आहे. काही वाचक त्या दिवशी प्रेक्षागृहात होते, त्यांनी हसू नये. म्हणजे पुन्हा हसू नये.

प्रथम वर्षाला असताना नाटकाच्या निवडीला मी गेले ती खरे म्हणजे अभिनयासाठी. माझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही असे ठरले आणि मला पडद्यामागे पाठवण्यात आले. वाईट वाटले, पण घरी सांगताना त्याचाच उपयोग झाला. आमच्या घरात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिली, आणि त्यात नाटक! मी सांगितले, मी स्टेजवर नाही, लाईटवर आहे. आईने विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे दिसशी नही ना? मंग जाय."

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते मंडपाच्या कामावर वायरमन आहेत. त्यांनी एवढेच विचारले की लोड किती आहे. मला सांगता आले नाही. हजार वॅटचा एक दिवा सव्वाचार अँपियर खातो, पंधराच्या सॉकेटला तीनच लावायचे, चौथा लावला तर वायर हाताला गरम लागेल, हा प्रकाशयोजनेचा पहिला धडा मी नानांकडून घरात जेवताना घेतला.

आमच्या नाट्यमंडळाचा बोर्ड लहानसा आहे. शाळेच्या दप्तराएवढा काळा पत्र्याचा डबा. त्याच्या पोटात 192 चॅनेल आहेत. डाव्या बाजूला दिव्यांची बारा बटणे, मध्ये आठ सरकत्या मुठी, ज्यांना फेडर म्हणतात. एका दिव्याला सोळा चॅनेल देता येतात आणि फेडर तर आठच, म्हणून दोन पाने केलेली: पान ए वर पहिले आठ, पान बी वर पुढचे आठ. वहीचे पान उलटल्यासारखे बटण दाबायचे. एकदा प्रकाश जमला की तो साठवून ठेवता येतो. 30 बँका, प्रत्येक बँकेत आठ सीन, म्हणजे 240 प्रकारचे उजेड. सरांनी पहिल्या दिवशी हा हिशेब सांगितला तेव्हा मला वाटले, एवढे उजेड जगात तरी आहेत का?

साठवण्याची रीत सोपी आहे आणि तीच चुकते. प्रोग्रॅमचे बटण तीन सेकंद दाबून धरायचे, दिवा निवडायचा, फेडरने हवा तो रंग आणायचा, मग तो दिवा सोडायचा. हे सोडणे विसरले की दुसऱ्या दिव्याचा फेडर हलवताना पहिलाही हलतो आणि अर्धा तास केलेले सारे वाहून जाते. मग रेकॉर्डचे बटण, मग सीनचे. सगळे लहान दिवे तीनदा लुकलुकले की समजावे, लक्षात ठेवले. प्रोग्रॅममधून बाहेर आले की बोर्ड आपण होऊन ब्लॅकआऊटमध्ये जातो, ते बटण पुन्हा एकदा दाबावे लागते. पहिल्या दिवशी ते मला ठाऊक नव्हते. स्टेजवर काळोख झाला तेव्हा मी बोर्ड जाळला अशा समजुतीने रडायच्या बेतात होते.

सर इतिहासाचे, त्यामुळे त्यांनी इतिहासही सांगितला. जुन्या काळी मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडून त्या जवळ-दूर करीत आणि त्याने दिवा वाढे किंवा मंद होई, हे ऐकून आम्ही चकित झालो. नंतर रोध बदलणारे डिमर आले, डिमरस्टॅट आले, मग थायरिस्टर. 1959 साली कलकत्त्यात उत्पल दत्त यांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरते आणि अडकलेल्या मजुरांना बुडवीत चढत जाते, हे तापस सेन यांनी प्रकाशाने दाखवले. स्टेजवर पाण्याचा थेंब नव्हता. त्याच सुमाराच्या 'सेतू' नाटकात त्यांनी प्रेक्षकांच्या अंगावर येणारी आगगाडी दाखवली, तीही उजेडानेच. त्यांच्याजवळ 240 सीन लक्षात ठेवणारा डबा नव्हता. असा लक्षात ठेवणारा संगणकी बोर्ड न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1975 साली 'अ कोरस लाईन' या नाटकाला पहिल्यांदा आला. थारॉन मसर नावाच्या बाईंनी तो आणवला. प्रकाशयोजनाकार बाई, हे ऐकून मी वहीत त्यांचे नाव दोनदा लिहिले.

मला सर्वात आवडले ते 1986 साली ठरलेले डीएमएक्स. बोर्डातून एकच केबल निघते, पहिल्या दिव्यात जाते, त्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिच्यातून 512 आकड्यांची एक लांबलचक रांग सेकंदाला चाळीसेक वेळा धावत असते. प्रत्येक आकडा 0 ते 255 पैकी. रांग सगळ्या दिव्यांना सारखीच ऐकू येते, पण प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता दिलेला असतो. आमच्या बोर्डावर पहिल्याचा 1, दुसऱ्याचा 17, मग 33, 49. दिवा आपल्या पत्त्यापासून पुढचे आकडे आपले मानतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करतो. आमच्या जुन्या डिमर पॅकवर हा पत्ता नऊ बारक्या खटक्यांनी द्यावा लागतो: 1, 2, 4, 8 असे दुप्पट होत 256 पर्यंत. 49 हवे तर 32, 16 आणि 1 चे खटके वर. शाळेत ज्या गणिताने मला छळले ते येथे पत्र्याच्या डब्याच्या पाठीवर भेटले आणि चक्क समजले.

आता त्या दिवसाकडे येते.

आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होती. आमच्या नाटकात एक आई रात्रभर अंगणात बसून मुलाची वाट पाहते आणि पहाटे बातमी येते. सारे नाटक म्हणजे एक रात्र आणि शेवटी दीड मिनिटाची पहाट. रात्रीचे सीन मी साठवून ठेवले होते, पण पहाट हाताने करायचे ठरवले. त्याला कारण होते. एलईडी दिव्याला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या. नव्वद सेकंदांत त्या चढायच्या म्हणजे सेकंदाला तीनही नाहीत, आणि अंधारातून वर येताना पहिल्या दहा-पंधरा पायऱ्या डोळ्याला चक्क दिसतात; उजेड लंगडत येतो. जुन्या हॅलोजनचे तसे नाही. तो निखाऱ्यासारखा तांबूस उगवतो आणि हळूहळू पांढरा होतो. म्हणून एलईडीचा लाल फेडर मी नटीच्या श्वासाबरोबर वर न्यायचे, जेथे ती बोलते तेथे सरकवायचे, म्हणजे पायरी कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन महिने हा सराव केला. बोटाला त्या फेडरची सवय झाली होती.

स्पर्धेत मांडणीला मिनिटे मोजून मिळतात. आमची बहुतेक मिनिटे खाटेचा एक पाय बसवण्यात गेली. मी आपला बोर्ड त्या प्रेक्षागृहाच्या केबलला जोडला, पहिला दिवा लावून पाहिला. पहिला चॅनेल एकूण उजेड, दुसरा लाल, तिसरा हिरवा, चौथा निळा, पाचवा लुकलुकणे. आमच्या दिव्यांसारखेच. उरलेले अकराही असेच असणार असे मी धरून चालले. घंटा झाली.

नाटक सुरू झाले. डावीकडच्या दोन दिव्यांखाली रात्र हिरवी पडली होती. मी ते पाहिले. शेतातली रात्र आहे, शोभते, असे मी मनाला समजावले! आज लिहितानाही या वाक्याची लाज वाटते, कारण माहिती नसणे वेगळे आणि पाहूनही न पाहिल्यासारखे करणे वेगळे.

ते दोन दिवे दुसऱ्या बनावटीचे होते. त्यांच्यात दुसरा चॅनेल लुकलुकण्याचा होता आणि लाल, हिरवा, निळा त्याच्या पुढे एकेक घर सरकलेले. माझा निळा त्यांचा हिरवा झाला होता. आणि माझा लाल?

आई झालेली माझी मैत्रीण उठून उभी राहिली. बातमी आणणारा आत आला. मी सारे दिवे निवडले आणि लाल फेडरला बोट लावले. डावीकडचे दोन दिवे हळूच मिचकले. मला वाटले व्होल्टेज. मी फेडर आणखी वर नेला, तसे ते भरभर मिचकू लागले, आणि जेथे तिने मुलाचे नाव घेऊन पहिली हाक मारायची तेथे अर्धे स्टेज वरातीसारखे लाल फडफडत होते. मागच्या रांगेतून शिट्टी आली. कोणीतरी ओरडले, "डीजे लाव!" आणि सारे प्रेक्षागृह हसले.

मी ब्लॅकआऊट दाबला. दुसरे काही सुचले नाही.

काळोखात ती बोलत राहिली. तिने एक शब्द गाळला नाही. हसणे थांबले. मला बोर्डावरचे अक्षर दिसत नव्हते. बाजूला प्रेक्षागृहाच्या हॅलोजनचा जुना हाताचा डिमर होता, त्याची एक मूठ चाचपडून वर केली. मधला एकच दिवा तांबूस उगवला आणि त्या एका दिव्यात नाटक संपले. पडदा पडल्यावर ती माझ्याकडे आली नाही. पुढे आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही आणि तिचे बरोबर होते. दोन महिने तिने ती हाक घडवली होती आणि ती हसण्यावर नेली मी. बक्षीस मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

नाना त्या दिवशी आले होते. नाटक पाहायला ते पहिल्यांदाच आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मागे भिंतीला टेकून उभे. परतताना गाडीवर ते एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. माझ्या मनात भलतेच चालले होते. प्रवेशाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'नोकरी' असे लिहिले होते. मंडप, वरात, लुकलुकते दिवे यांच्यापासून जरा दूर जावे म्हणून मी नाटकात आले, असे कधी कोणाला सांगितले नव्हते, पण होते तसेच. आणि माझ्या नाटकात वरात आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारले, "येक येक दिवा लाई दखा का?" मी नाही म्हणाले. ते माळ्यावर चढले आणि गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन उतरले.

तो रोळ होता. मी लहानपणी पाहिलेला, पण विसरलेला. हातभर लांबीचा सागवानी गोल ओंडका, त्यावर ठिकठिकाणी पितळी पट्ट्या ठोकलेल्या, एका टोकाला शिलाई मशीनची मोटर. वर बारा पितळी पाती टेकतात, प्रत्येक पात्याला बल्बांची एक ओळ. रोळ फिरू लागला की ज्या पात्याखाली पट्टी येईल ती ओळ लागते, पट्टी सरली की विझते. यावर नानांनी मोर केला होता. आधी मान, मग पंख, मग पिसारा एकेका ओळीने उघडे. आषाढीला आमच्या गल्लीत तो लागायचा आणि रथ पाहायला आलेली पोरे त्याच्यापुढे थांबायची.

तो आता लागत नाही. आता मोर पडद्यावर येतो, हजारो बारीक दिव्यांचा, आणि त्याची हालचाल एका मेमरी कार्डात तयार मिळते. ते कार्ड कॉम्प्युटरवर कोणीतरी मुलगा करतो. नाना तो पडदा बांबूला बांधतात, कार्ड खोबणीत घालतात आणि बांधणीची मजुरी घेतात. ही गोष्ट त्यांनी तक्रारीच्या सुरात कधी सांगितली नाही. पण मी ज्या डब्यापुढे बसते तो त्याच कार्डाचा भाऊ आहे, हे मला त्या संध्याकाळी रोळासमोर बसून पहिल्यांदा उमगले.

नानांनी मोटरचा पट्टा काढला आणि रोळ हाताने फिरवला. अगदी सावकाश, एकेक पट्टी. प्रत्येक पात्याला एक बल्ब लावून पूर्ण फेरा हाताने झाल्याशिवाय मोटर जोडायची नाही, हा त्यांचा नेम. एका लग्नात, फार वर्षांपूर्वी, त्यांनी तो मोडला आणि नवरा-नवरी मांडवात येताना मोराचा पिसारा मानेच्या आधी उघडला होता. ते सांगताना ते हसले, मग मीही हसले.

नंतर स्नेहसंमेलनात आमची एकांकिका पुन्हा झाली. मी नानांना दुपारी चारलाच बोलावले. ते टेस्टर घेऊन आले. मी बोर्डावरून नंबर पुकारायचा, एक चॅनेल वर करायचा. ते त्या दिव्याखाली उभे राहून हात वर करायचे आणि रंगाचे नाव मोठ्याने सांगायचे. लाल. हिरवा. निळा. सहा दिव्यांचे सगळे चॅनेल, मग सहा हॅलोजन. तासभर लागला. खुर्च्या मांडणारी मुले हा काय प्रकार म्हणून पाहत होती. त्यांतल्या एकाने विचारले, हे कोण? मी म्हणाले, माझे वडील, मंडपाच्या लाईटचे काम करतात. आता ते आमचे दिवे तपासताहेत.

त्या रात्री पहाट नीट उगवली. मैत्रिणीने हाक मारली तेव्हा प्रेक्षागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. तिने नंतर फक्त "बरी झाली" एवढेच म्हटले, आणि माझ्या डब्यातली भाकरी न विचारता खाल्ली.

नाटक संपल्यावर नाना बोर्डाशी आले. मी त्यांना चेस दाखवला. एकामागून एक सीन आपोआप लागत जातात, वेग एका फेडरने कमी-जास्त होतो. त्यांनी दोन फेरे पाहिले आणि म्हणाले, "हाऊ ते आपला रोळच शे!"

तेव्हापासून सरांच्या परवानगीने रविवारी आम्ही एक उद्योग मांडला आहे. नानांचा मोर बोर्डावर उतरवायचा. पॅकला बारा चॅनेल, रोळाला बारा पाती, तेवढे जमले. रोळाच्या एका फेऱ्यात चोवीस टप्पे आहेत, म्हणजे तीन बँका. नाना रोळ हाताने एकेक टप्पा फिरवतात, कोणत्या ओळी लागल्या ते सांगतात, मी तसे फेडर लावून साठवते. बल्ब जुन्या तारेचेच ठेवले आहेत, कारण त्यांची तार थंड व्हायला क्षणभर लागतो आणि एक पीस विझत असताना दुसरे उजळते; एलईडी फट्कन जातो.

सतराव्या टप्प्याला आम्ही अडलो. तेथली पट्टी इतरांच्या दुप्पट लांब आहे. बोर्डाच्या चेसमध्ये साऱ्या सीनना वेळ सारखाच मिळतो, एकाला जास्त देता येत नाही. मी विचारले, ही एकच लांब का? ठोकताना चुकली का?

"मोरले दम खाऊ दे ना," नाना म्हणाले. पिसारा पूर्ण उघडला की मोर क्षणभर तसाच उभा राहतो, मग मिटू लागतो.

मी तोच सीन पाठोपाठ दोनदा भरला. वेग रोळाएवढा ठेवून चालवून पाहिला. नाना म्हणतात अजून थोडा कमी पडतो. पुढच्या रविवारी तिसऱ्यांदा भरून पाहणार आहे.